काकीचा रेडिओ आणि माझं पत्रक

वर्षातले दोन महिने माझे हात पिवळे असायचे. शाळेत बाई म्हणायच्या, "हात धुऊन येत जा गं." धुतलेलेच असायचे. ओल्या हळदीचा रंग साबणानं जात नाही. हळदीच्या गावात नोकरी करून बाईंना एवढं माहीत नव्हतं आणि पट्टी मात्र माझ्या हातावर बसायची. त्याचा राग अजून आहे. पण हल्ली ते हात आठवले की रागाच्या आधी वास येतो. ओल्या मातीचा, वाळलेल्या पाल्याचा आणि स्टीलच्या किटलीत उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा.

आमचं गाव हट्टा आणि जवळा बाजार यांच्या मधलं. हळद काढली की शेतातच कडुलिंबाखाली तिचा ढीग लागायचा आणि गल्लीतल्या बाया त्याच्याभोवती गोल करून बसायच्या. एकेक गड्डा उचलायचा, झटकून माती पाडायची, त्याला चिकटलेली हळकुंडं मोडून एकीकडं टाकायची, मधला जाड गड्डा दुसरीकडं. कट, कट, कट. हे काम आमच्या गल्लीत सावडीनं व्हायचं. आज आमच्या शेतात, उद्या काकीच्या, परवा आत्याच्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, एकमेकींच्या ढिगावर हात द्यायचे. पुरुषांनी हळद काढून ढीग घालून द्यायचा आणि तिथून निघायचं. ढिगाजवळ त्यांचं काही काम नसायचं.

ढिगाचा एक नियम होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण शाळेच्या सगळ्या नियमांपेक्षा कडक. दुपारच्या भाकरीनंतर, ऊन कललं की एखादी बाई बोलायला लागायची. कुणाकडं न बघता, हातातल्या गड्ड्याकडं बघत. घरचं, मनातलं, जे कुठंच बोलता येत नाही ते. बाकीच्यांनी मान वर करायची नाही, हात थांबवायचा नाही, "असं कर, तसं कर" म्हणायचं नाही आणि "अगं बाई, खरंच का?" तर अजिबात नाही. तिचं बोलून झालं की शेजारचीनं आपल्या पुढ्यातला एक गड्डा उचलून तिच्या पुढ्यात ठेवायचा. म्हणजे ऐकलं. बस, एवढंच. मग ती तो गड्डा मोडायची आणि काम पुढं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा आई बोलली. आई! जी घरी फक्त "जेव", "ऊठ" आणि "अभ्यास कर" बोलायची. ती काय बोलली ते मला शब्द न् शब्द आठवतं. इथं लिहीत नाही. का, ते पुढं येईल. मी मान वर करून म्हणाले, "आई, मग तू मला काहून सांगितलं न्हाई?" शेजारी आत्या बसली होती. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, आत्या ती सगळ्यांचीच. तिनं माझ्या मांडीवर चापट मारली. "मान खाली. हात चालव. तुला सांगून न्हाई राहिली ती."

"मग कुणाला सांगून राहिली?"

"हळदीला."

बाया हसल्या. आईसुद्धा हसली. आणि काकीनं, माझ्या सख्ख्या चुलतीनं, आपल्या पुढ्यातला एक गुबगुबीत गड्डा उचलून आईपुढं ठेवला. त्या दिवशी घरी जाताना आई वेगळी चालत होती. डोक्यावरचं ओझं उतरल्यावर माणूस पहिली चार पावलं चालतं ना, तशी. ते चालणं मला अजून दिसतं.

पुढं मी शिकायला बाहेर पडले आणि तिथून हिंगोलीत एका लहानशा संघटनेत आले. आम्ही पत्रकं काढायचो. शाळेत मुलींना संडास नाही, पत्रक. दवाखान्यात डॉक्टर नाही, पत्रक. मी बरी लिहायचे. मला शिकवलं आमच्या ताईंनी, ज्यांनी आयुष्य पत्रकं काढण्यात घातलं. त्या म्हणायच्या, "पहिल्या ओळीत माणूस पाहिजे. दुसऱ्या ओळीत अन्याय. तिसऱ्या ओळीत मागणी. यात जे बसत नाही ते काढून टाक. लोक उभ्याउभ्या वाचतात." मी ते अंगात मुरवलं. आजही किराण्याची यादी लिहायला बसले तरी तिसऱ्या ओळीत मागणी येते.

एकदा शहरातल्या एका सभागृहात 'महिलांसाठी ताणतणाव व्यवस्थापन' असा कार्यक्रम होता. वक्ते इस्त्रीच्या शर्टात, पडद्यावर फुलांची चित्रं. समोर गावोगावच्या बाया, पदर डोक्यावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं, कारण शेवटची गाडी साडेचारची. वक्ते म्हणाले, "भगिनींनो, रोज फक्त वीस मिनिटं स्वतःसाठी काढा. डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. मनातलं एका डायरीत लिहा." मागून एक बाई उठली. म्हणाली, "साहेब, येक इचारू? ते ईस मिनिटं कुठून काढायचे तेवढं सांगा." सभागृह खो खो हसलं. वक्ते पण हसले आणि पुढचं चित्र लावलं. तेही फूलच होतं.

मी संतापाने लाल झाले. घरी पाणी नाही, नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, नवरा विचारत नाही, सासू बघत नाही, आणि हिला सांगतात श्वास घे! श्वास काय ती आजवर घेत नव्हती? मी ठरवलं, खरं पत्रक आपण काढायचं. बायांच्या मनावरच्या ताणाचं, बायांच्या भाषेतलं, खऱ्या माणसाचं.

खरं माणूस माझ्याकडं होतं. त्याच्या आधीच्या हंगामात मी चार दिवस गावी गेले होते तेव्हा ढिगावर काकी बोलली होती. मी तिच्या शेजारीच बसले होते. संध्याकाळी घरी येऊन मी ते वहीत उतरवून ठेवलं होतं. पत्रक लिहिणाऱ्याची खोड. ऐकलं की उतरवून ठेवायचं.

आमचे काका मुलखाचे अबोल. लहानपणी मला वाटायचं त्यांना बोलताच येत नाही. बैलाशी बोलायचे, तेही "हं" एवढंच. काकीच्या घरात मात्र पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत रेडिओ चालू. भावगीतं, शेतीचा सल्ला, बातम्या, बाजारभाव, पुन्हा भावगीतं. आम्ही पोरं शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच रेडिओ ऐकू यायचा आणि कळायचं, घर आलं. भूक लागलेली असायची आणि काकीच्या दारातून भाजलेल्या शेंगांचा वास यायचा. तो रेडिओ म्हणजे आमच्या गल्लीचा आवाज होता. सगळ्यांच्या खिशात फोन आले तरी काकीचा रेडिओ चालूच राहिला.

पत्रकात मी लिहिलं ते असं: "तिच्या घरात नवरा आहे. तो जेवतो, शेतात जातो, झोपतो. बोलत नाही. ती दिवसभर रेडिओ चालू ठेवते, कारण घरात कुणाचा तरी आवाज पाहिजे. तीस वर्षं ती एका यंत्राशी संसार करते आहे. भगिनींनो, मुक्या घरांना जाब विचारा!"

नाव नव्हतं. गावाचंही नाही. नाव गाळलं की माणूस झाकलं जातं असं आम्ही समजायचो. ताईंनी वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "हे चालणार."

चाललं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मी स्वतः वाटलं. कापसाच्या गाड्यांजवळ, भाजीच्या पालांजवळ, बांगड्यांच्या दुकानापाशी. बाया घडी घालून पिशवीत ठेवत होत्या. एकीनं वाचून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याच घरचं कुणी सांगितलं गं तुला?" मी फुगले. खरं सांगते, फुगले. त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी केलं.

त्याच बाजारात केस कापायच्या दुकानात एकानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. खुर्चीत काका होते, तोंडाला साबणाचा फेस. त्यांच्या मागं बसलेला आमच्याच गावचा एक जण म्हणाला, "काय दादा, रेडिओ म्हणं? हे तर गल्लीतलंच दिसून राहिलं." सगळ्या पंचक्रोशीत दिवसभर रेडिओ वाजणारं घर एकच. काका उठले नाहीत. बोलले नाहीत. पूर्ण दाढी करून घेतली आणि घरी आले.

हे मला आईनं फोनवर सांगितलं. पुढचंही तिनंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून काका बोलायला लागले. दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "आज भाकरी बराबर झाली. ऐकू आलं का? बोललो मी." "आज ऊन लई हाय. ध्यानात ठेवा, बोललो." "मी शेतात चाललो हो! नंतर म्हणू नका, सांगितलं न्हाई." गल्लीतले हसायचे. काकी आत चुलीपुढं बसायची. आणि तिनं रेडिओ बंद करून टाकला.

"पत्रकात काय चुकीचं होतं गं?" मी फोनवर आईला विचारलं.

आई म्हणाली, "तू जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

त्या वर्षी हळद निघाली तेव्हा मी गावी गेले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय थांबले. काहीच ऐकू येत नव्हतं. कुठंतरी कुकरची शिट्टी, कुठंतरी मोबाईलवरचा व्हिडिओ. आमच्या गल्लीला आवाज नव्हता. मला उगाच वाटलं, आपण चुकीच्या गल्लीत आलो.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या शेतात ढीग होता. काकी आली नव्हती. सावडीत काकी आली नाही असं मी जन्मल्यापासून झालं नव्हतं. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात ती ढिगावर येऊन बसलेली आहे. मी आईच्या शेजारी जाऊन बसले तशी आई म्हणाली, "तू काहून येऊन राहिली उन्हात? हात हायेत की आम्हाला." मी बसलेच. भाकरी झाली. ऊन कललं. आता कुणीतरी बोलेल म्हणून मी मान खाली घातली. कुणी बोललं नाही. कट, कट, कट. एकीनं मालिकेतल्या सासूचा विषय काढला, तो दोन वाक्यांत मेला. मग आत्या म्हणाली, "बोला गं, बोला. आता तर छापून येतं. फुकट."

कुणी हसलं नाही. माझ्या हातातलं हळकुंड नखाशी मोडलं.

मी मोठमोठ्या सभांत अधिकाऱ्यांना उलट बोललेली पोरगी. मला कुणाची भीती वाटत नाही असं लोक म्हणतात. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की मी काय मोडलं. आमच्या बायांकडं वीस मिनिटं नव्हती, डायरी नव्हती, कुणी समुपदेशक नव्हता. हा ढीग होता. वर्षातले दीड-दोन महिने, ऊन कलल्यावर. मी तिथं सूत्रसंचालकासारखी माईक घेऊन शिरले होते.

सकाळी मी काकीकडं गेले. माफीचं वाक्य तयार करून. दारात काका बसले होते, ठिबकच्या फुटलेल्या नळीला तुकडा जोडत. काकी आत गहू निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये. बस. चहा ठेवते." एवढं गोड बोलली की मला रडूच आलं. काकी माझ्याशी असं पाहुण्याशी बोलल्यासारखं कधी बोलली नव्हती. ती मला "ए भवाने" म्हणायची.

"काकी, मी नाव न्हवतं टाकलं," मी सुरू केलं. "मला वाटलं की बायांचे प्रश्न समोर आले पाहिजेत आणि समाजानं..."

"चहात साखर किती?"

"काकी, ऐक ना."

"ऐकून राहिले. साखर किती?"

तेवढ्यात बाहेरून काका बोलले. गल्लीला ऐकू जाण्यासारखं नाही, साध्या आवाजात. नळीकडं बघतच. "छापलं ते खोटं न्हाई." मग नळीत तुकडा बसवला, ओढून बघितला. "पण रेडिओ कुणी आणला ते न्हाई छापलं."

मी काकीकडं बघितलं. काकी चहाकडं बघत होती.

"म्या सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "लगीन होऊन दोन वर्सं झाली तवा याह्यनं जवळ्याच्या बाजारातून आणला. मांडीवर ठेवला माझ्या. म्हणले, मला बोलता येत न्हाई, तर हे बोलणारं आणलं. तुला करमल. म्या ढिगावर हे पण सांगितलं व्हतं. घरात बोलणं न्हाई ही तकलीफ हायच. मेल्यावर बी राहील. पण ह्या माणसाला माहीत हाय की मला तकलीफ हाय. हे बी सांगितलं व्हतं का न्हाई? सांग."

सांगितलं होतं. मला आठवत होतं. वही माझ्या पिशवीत होती, ती उघडायची गरज नव्हती. त्या ओळी मी वहीत लिहिल्या होत्या आणि पत्रक करताना माझ्याच पेनानं त्यांच्यावर काट मारली होती. पहिल्या ओळीत माणूस, दुसऱ्या ओळीत अन्याय. रेडिओ आणून देणारा नवरा दुसऱ्या ओळीत बसत नव्हता. तो राहिला असता तर जाब कुणाला विचारायचा?

"मी ऐकलं होतं, काकी," मी म्हणाले.

"मला माहीत हाय ऐकलं व्हतंस," काकी म्हणाली. "शेजारी तूच व्हतीस. गड्डा तूच ठेवला माझ्यापुढं."

तिनं चहा दिला. मी प्यायले. मग मला एकदम सुचलं आणि मी उत्साहानं म्हणाले, "काकी, मी दुसरं पत्रक काढते. दुरुस्तीचं. सगळं खरं खरं लिहून..."

काकीनं कपाळाला हात लावला. "आणखी येक? नको गं माय!"

बाहेर काका खोकल्यासारखे झाले. ते हसत होते हे मला नंतर कळलं.

"मग मी काय करू?"

"काई करू नको. तुमचं हेच हाय बघ. लगेच कायतरी करायचं."

चार दिवसांनी आमच्या शेतात ढीग लागला. आईची सावड होती, म्हणून काकी आली. आईसाठी. माझ्यापासून सगळ्यात लांब, ढिगाच्या पलीकडं बसली. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूची जागा रिकामी. ती काकीची असायची. बाकीच्या बाया सरकून बसल्या पण त्या जागेवर कुणी बसलं नाही. भाकरी झाली, ऊन कललं, आणि तीच शांतता. मला माहीत होतं की ही शांतता माझी आहे. मी आणली, आता ही कुणी दुसरीनं फोडावी असं वाटणं हा निर्लज्जपणा होता.

मी बोलायला लागले. "आजच्या तरुण कार्यकर्त्यांवर जो मानसिक ताण..."

"माईक द्या गं कुणीतरी तिला," आत्या म्हणाली.

एक-दोघी फिसकन हसल्या. मी थांबले. हातातला गड्डा बघितला. मातीचं एक ढेकूळ त्याच्या बगलेत अडकलं होतं, ते अंगठ्यानं काढत बसले. मग बोलले.

मी म्हणाले, मी रोज संध्याकाळी आईला फोनवर सांगते, बरं चाललंय. बरं चाललेलं नसतं. सभेच्या आधी मला उलटी होते. टाळ्या वाजल्या की दोन तास बरं वाटतं आणि मग खोलीवर आले की कुणाशी बोलावं ते कळत नाही. मी लग्न करणार होते. आईला सांगितलं नव्हतं. आमचं तुटलं. तो भांडला नाही. जाताना एवढंच म्हणाला की तुझ्याशी बोललं की मला पत्रकातला माणूस झाल्यासारखं वाटतं, माझ्यातलं तुला पाहिजे तेवढंच तू घेतेस. त्याच्यावर मी मनातल्या मनात चार पत्रकं लिहिली. आणि तेच मी काकीचं केलं.

(ही ओळ इथं लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. "लिही," म्हणाला.)

माझं बोलून झालं. कुणी मान वर केली नाही. हात चालू होते. आता शेजारचीनं गड्डा ठेवायचा. शेजारी आई. आईचा हात तिच्या ढिगाकडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं पलीकडं बघितलं नाही, पण मला कळलं, ती थांबली होती. पहिला मान तिचा नव्हता.

मी मोजत नव्हते पण हळकुंडं मोडल्याचे आवाज ऐकत होते. कट. कट. कट. मग पलीकडून, ढिगावरून घरंगळत, एक गड्डा माझ्या पुढ्यात येऊन थांबला. एवढा मोठा गड्डा त्या ढिगात दुसरा नसेल. वाकडा, दहा बाजूंनी फुटलेला, सगळ्या फटीत वाळून दगड झालेली काळी माती. मोडायला बसले तर हळकुंडं निघेनात. माझा अंगठा सोलला. बाया आपल्या आपल्या कामात. आत्या तेवढी स्वतःशी म्हणाली, "बघून बघून काढलेला दिसतोय."

मी तो पूर्ण मोडला. त्यानंतर आईनं एक गड्डा ठेवला, लहानसा.

दुसऱ्या दिवशी काकीच्याच शेतात ढीग होता. ती येऊन माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसली. तिसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर, काकी बोलली. ती काय बोलली ते इथं येणार नाही आणि माझ्या वहीतही नाही. मी मान खाली घातली, हात चालू ठेवला आणि तिचं बोलून झाल्यावर माझ्या पुढ्यातला एक गड्डा उचलून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो क्षणभर हातात तोलून बघितला. मग मोडला.

मी अजून पत्रकं लिहिते. संडासाचं, पाण्याचं, डॉक्टरचं. तिथं पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ अजून चालते आणि चालली पाहिजे. राग गेलेला नाही आणि जाऊही नये. इस्त्रीच्या शर्टातले वक्ते अजून फुलं दाखवतात, बाया अजून घड्याळाकडं बघतात. ताईंशी मी या विषयावर कडाडून भांडले. त्या म्हणाल्या, "सगळं लिहीत बसलीस तर पत्रकाची कादंबरी होईल." मी म्हणाले, "मग घरातल्या माणसांवर पत्रक काढायचंच नाही." आमचं त्यावर अजून एकमत नाही.

आणि संध्याकाळी आईचा फोन आला की मी "बरं चाललंय" रोज म्हणत नाही. कधीकधी म्हणते, "आज बरं न्हाई." आई पलीकडं गप्प राहते. काही सुचवत नाही. मागून ताटल्यांचा, पाण्याचा आवाज येत राहतो. ती हात चालू ठेवते हे मला ऐकू येतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी गावी गेले आणि काकीच्या ओट्यावर बसून काका-काकी दोघांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. एकही ओळ न गाळता. आत रेडिओवर बाजारभाव चालू होते, काकीनं आवाज बारीक केला. "ए भवाने"चं आलं तेव्हा ती म्हणाली, "मी असं म्हणते व्हय तुला?" दाढीच्या दुकानाचं आलं तेव्हा काका मान खाली घालून बसले. सगळं संपलं. मी विचारलं, "छापू का? नको म्हणालात तर फाडते."

काकीनं काकांकडं बघितलं. काका नळीचा तुकडा हातात फिरवत होते. बराच वेळ गेला. मला त्या वेळेची आता सवय झाली आहे.

"वसमतला न्हाई घेतला," काका म्हणाले. "रेडिओ. जवळ्याच्या बाजारात घेतला."

मी चुकून वसमत लिहिलं होतं. तिथंच बसून ते दुरुस्त केलं.